पाटीवरचे वॅट आणि भांड्यातली कणीक

स्टँड मिक्सर हे कणीक मळणारे, क्रीम फेटणारे आणि केकचे मिश्रण घोटणारे घरगुती यंत्र. ते घेताना पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती वॅटचा?’ हा. खोक्यावर हाच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. दुकानदार तोच पुढे करतो. महाड, बिरवाडी, पोलादपूर या पट्ट्यात घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका नव्याने सुरुवात करणारीला जो सल्ला देतात तोही याच आकड्याचा असतो: हजाराच्या खालचा घेऊ नकोस, बाराशेचा घे, जमल्यास पंधराशेचा घे. हा सल्ला मुळातून चुकीचा आहे. ज्या घरात मिक्सरचे पैसे वाढदिवसांच्या ऑर्डरींतून एकेक नोट बाजूला ठेवून साठतात, तिथे तो महागातही पडतो. म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर केला पाहिजे.

घरगुती उपकरणाच्या पाटीवर लिहिलेले वॅट म्हणजे ते उपकरण भिंतीतून किती वीज खेचते त्याचा आकडा. त्यातली किती वीज कणकेपर्यंत पोचते, हे ती पाटी सांगत नाही. काही भाग मोटारीच्या तारा तापवण्यात जातो, काही कार्बन ब्रशच्या घर्षणात, काही पंख्यात, काही गिअरमध्ये आणि आवाजात. महाड औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. तिथे प्रामुख्याने रसायनांचे कारखाने आहेत आणि रिअॅक्टरमधला दाट द्रव ढवळण्यासाठी अॅजिटेटर असतो: वर मोटार, मध्ये गिअरबॉक्स, खाली लांब दांड्याला पाती. स्टँड मिक्सर हे त्याचेच धाकटे भावंड आहे. पण कारखान्यातल्या मोटारीच्या पाटीवरचे किलोवॅट हे शाफ्टवर मिळणाऱ्या कामाचे असतात, तर मिक्सरच्या पाटीवरचे वॅट हे खेचलेल्या विजेचे. शब्द एकच असला तरी मापे दोन आहेत. कारखान्यात अॅजिटेटर बसवताना द्रव किती दाट, फेरे किती, गिअरचे प्रमाण किती, असे प्रश्न आधी येतात आणि मोटारीचा आकडा त्यांच्यामागून येतो. घरी मात्र तोच फिटर बायकोला बाराशे वॅटचे खोके आणून देतो.

कणकेला खरोखर किती शक्ती लागते, ते साध्या हिशेबाने काढता येते. शक्ती म्हणजे टॉर्क, अर्थात पीळ, गुणिले फिरण्याचा वेग. हुक मिनिटाला १०० फेरे घेत असेल आणि कणीक त्याला १० न्यूटन-मीटरचा विरोध करत असेल, तर हुकपाशी लागणारी शक्ती सुमारे १०५ वॅट होते. एक किलो मैदा आणि साडेसहाशे ग्रॅम पाणी यांचा पावाचा गोळा मळायला याच मापाची शक्ती पुरते. आता दुसऱ्या बाजूने पडताळा घ्यावा. मळताना कणकेत गेलेली जवळपास सगळी शक्ती शेवटी उष्णता होते. अशा कणकेचे एक किलो वजन एक अंश तापवायला सुमारे २.८ किलोज्यूल लागतात. १०५ वॅट आठ मिनिटे दिले तर पावणेदोन किलोच्या आतला हा गोळा सुमारे ११ अंशांनी तापेल, आणि स्टँड मिक्सरमध्ये मळलेली कणीक प्रत्यक्षात साधारण तितकीच तापते. खोक्यावरचे १२०० वॅट खरोखर कणकेत उतरले असते तर त्याच आठ मिनिटांत ती सव्वाशे अंशांनी तापली असती, म्हणजे भांड्यातच उकळली असती. तशी ती कुणाच्याही घरी उकळत नाही. ते हजार-अकराशे वॅट कणकेच्या वाट्याला कधी आलेलेच नसतात.

याचा जिवंत पुरावा या यंत्राच्या इतिहासातच आहे. लोखंडी कालथ्याने कणीक ढवळणारा बेकरीवाला पाहून अमेरिकेतल्या हॉबार्ट कंपनीचे अभियंते हर्बर्ट जॉन्स्टन यांनी १९०८ मध्ये यांत्रिक मिक्सरची कल्पना मांडली. बेकऱ्यांसाठीची मोठी यंत्रे आधी आली आणि १९१९ मध्ये ‘किचनएड’ या नावाने घरगुती यंत्र बाजारात आले. बीटर स्वतःभोवतीही फिरतो आणि भांड्याभोवतीही, म्हणून या चालीला ग्रहगती म्हणतात. याच हॉबार्टचे एन-५० हे पाच क्वार्टचे, म्हणजे पावणेपाच लिटरच्या भांड्याचे व्यावसायिक यंत्र जगभरच्या स्वयंपाकघरांत वापरले जाते. इतकेच काय, सिमेंटचे मॉर्टर तपासणाऱ्या प्रयोगशाळाही ते वापरतात. त्याची मोटार १/६ अश्वशक्तीची आहे. म्हणजे शाफ्टवर फक्त सव्वाशे वॅटच्या आसपास. सिमेंट-वाळू घोटणाऱ्या यंत्राला जे पुरते, ते घरच्या पावाला पुरत नाही असे म्हणणाऱ्याने कारण दिले पाहिजे.

मग वॅटची ही सवय आली कुठून? तिचे मूळ शोधल्याशिवाय ती सुटायची नाही. ती आली मसाल्याच्या मिक्सरवरून. १९६३ मध्ये मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर आणला. परदेशी ब्लेंडर ओले खोबरे, भिजवलेली डाळ आणि सुके मसाले वाटताना टिकत नव्हते. त्यांच्यापेक्षा दणकट मोटार देणे हेच सुमीतचे मोठे काम होते, आणि ते योग्यच होते. त्या यंत्रात पाते थेट मोटारीच्या दांड्यावर बसते आणि मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांपर्यंत जाते. मध्ये गिअर नाही. मोटारीची शक्ती थेट पात्यावर येते, म्हणून तिथे पाचशे आणि साडेसातशे वॅट यांतला फरक चटणी वाटताना हाताला कळतो. दोन पिढ्यांनी हा धडा नीट शिकून घेतला. पण स्टँड मिक्सरमध्ये हजारो फेऱ्यांची मोटार गिअरमधून मिनिटाला साठ ते अडीचशे-तीनशे फेऱ्यांवर उतरवावी लागते. तिथे प्रश्न मोटार किती जोरात धावते हा राहत नाही. ती किती सावकाश आणि किती न दमता चालते, हे पाहायचे असते. वाटणाचा धडा मळणाला लावला, तिथे चूक झाली.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: जास्त वॅट असले तर बिघडले काय, जादा ताकद हाताशी राहील. बिघडते ते असे. स्वस्त यंत्रात मोठा आकडा मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे हलकी, अतिवेगाने फिरणारी मोटार. तिला खाली उतरवायला गिअरचे प्रमाण मोठे लागते आणि खर्च वाचवण्यासाठी गिअर बारीक ठेवले जातात. पहिल्याच गतीला बीटर इतका वेगात सुरू होतो की मैदा भांड्याबाहेर उडतो. पाटीच्या कोपऱ्यात किंवा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की यंत्र सलग अमुक मिनिटेच चालवावे आणि मग थंड होऊ द्यावे. कित्येक यंत्रांत ही मर्यादा पाच-सहा मिनिटांची असते. पावाच्या कणकेला आठ ते बारा मिनिटे लागतात. म्हणजे जे काम सांगून यंत्र विकले, तेच काम माहितीपत्रक एका दमात करू देत नाही. सलग चालण्याची ही मर्यादा खरेदीपूर्वी वाचणे वॅट वाचण्यापेक्षा शंभरपट उपयोगाचे आहे.

महाड-पोलादपूरच्या विजेचाही यात वाटा आहे. पावसाळ्यात सावित्रीच्या खोऱ्यात झाडे तारांवर पडतात आणि वाड्यावस्त्यांची वीज तासन्‌तास जाते. घरी सर्रास दिसणारा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर सातशे वॅटच्या आसपास भार उचलतो. तीनशे वॅटचा मिक्सर त्यावर चालतो, बाराशेचा दाट कणकेत अडला की इन्व्हर्टर बंद पडतो आणि अर्धवट मळलेला गोळा भांड्यात राहतो. वाहिनीच्या शेवटी असलेल्या पोलादपूरच्या वाड्यांत व्होल्टेजही पडते. ब्रशच्या मोटारीची सुरुवातीची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २३० चे १९० झाले की ती सुमारे एक तृतीयांशाने घटते. पाटीवरचा आकडा २३० व्होल्टचा आहे, वाडीतला नव्हे.

कणकेच्या तापमानाचा मुद्दा तर या सल्ल्यात कधीच येत नाही, आणि कोकणात सर्वांत जास्त पाव बिघडतात ते त्याच्यापायी. यीस्टची कणीक मळून झाल्यावर २५-२६ अंशांवर असावी. त्याहून गरम झाली तर ती घाईने फुगते, चव आंबूस होते आणि पाव भट्टीत बसतो. पाणी किती थंड घ्यायचे याचा बेकरीतला हिशेब असा: हव्या असलेल्या तापमानाची तिप्पट करायची, तिच्यातून खोलीचे तापमान, पिठाचे तापमान आणि मळताना घर्षणाने होणारी वाढ वजा करायची. महाडमध्ये मे महिन्यात ओट्यावर सकाळीच ३२ अंश असतात आणि पीठही तितकेच. २६ ची तिप्पट ७८, त्यातून दोनदा ३२ गेले की उरले १४. हाताने मळताना वाढ तीन-चार अंशांची, म्हणून पाणी दहा-अकरा अंशांचे, फ्रिजमधल्या बाटलीतले, चालते. यंत्राची वाढ बारा अंशांच्या आसपास, म्हणून पाणी दोन अंशांचे, म्हणजे बर्फाचेच हवे. वेग वाढवला किंवा वेळ लांबवला तर बर्फाचे पाणीही पुरत नाही. दापोली असो की पोलादपूर, कोकणातल्या उन्हाळ्यात मळणीचे यंत्र जितके सावकाश तितके चांगले. ‘जादा ताकद’ इथे थेट नुकसान करते.

मळणी कमी करण्याचा मार्गही जुना आहे. फ्रेंच बेकरी-तज्ज्ञ रेमाँ काल्व्हेल यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की मैदा आणि पाणी नुसते एकत्र करून वीस-तीस मिनिटे झाकून ठेवले तर ग्लुटेनची जाळी बरीचशी आपोआप बांधली जाते आणि पुढची मळणी खूप आटोपती होते. पोळीची कणीक भिजवून झाकून ठेवणाऱ्या घरात हे नवे वाटू नये. ज्या घरी आठवड्याला चार पाव लागतात, तिथे एक परात, एक ओले फडके आणि अर्धा तास हे यंत्राचे काम पुष्कळसे करतात.

आता दुसरा दावा पाहावा लागतो: ऑर्डरी घ्यायच्या तर स्टँड मिक्सर हवाच. महाड-बिरवाडीत घरून जाणाऱ्या ऑर्डरी बहुतेक वाढदिवसाच्या अर्ध्या-एक किलोच्या केकच्या असतात, त्यातही बिनअंड्याच्या पुष्कळ. बिनअंड्याच्या केकचे मिश्रण जास्त फेटायचेच नसते. ते कालथ्याने किंवा उलथन्याने हलके एकत्र करायचे, नाहीतर केक चिवट होतो. यंत्र लागते ते क्रीम फेटायला, आणि क्रीमचा शत्रू उष्णता आहे. क्रीम थंड, भांडे थंड, काम झटपट, या तीन गोष्टी सांभाळल्या की दोनशे-तीनशे वॅटचा हातात धरायचा बीटर ते काम चोख करतो. त्याचे वजन किलोभर असते, तो बर्फाच्या परातीत ठेवलेल्या कुठल्याही खोल भांड्यात चालतो आणि किंमत स्टँड मिक्सरच्या छोट्याशा अंशात बसते. दिवसाला दोन-तीन केक करणाऱ्या घराने आधी स्टँड मिक्सर घेणे म्हणजे पैसे चुकीच्या जागी अडकवणे. तेच पैसे तापमान नीट धरणाऱ्या ओव्हनमध्ये किंवा क्रीमसाठी वेगळ्या फ्रिजमध्ये घातले तर केक खरोखर सुधारतो.

स्टँड मिक्सर कुणालाच नको, असे मात्र इथे म्हणायचे नाही. रोज दोन-तीन किलो मैद्याचे पाव किंवा बन करणारीला तो हवा. लोणी थोडे थोडे घालत वीस मिनिटे मळायच्या ब्रिओशसारख्या कणकेला तो हवा. ११८ अंशांचा साखरेचा पाक फेटलेल्या पांढऱ्या बलकावर धारेने ओतायचा असतो, तेव्हा दोन्ही हात मोकळे लागतात आणि तिथे हातातला बीटर अपुरा पडतो. मनगट किंवा खांदा दुखावलेल्या बाईला तर तो औषधासारखा आहे, आणि तिच्या बाबतीत हिशेब करत बसू नये. उकडीच्या मोदकाची उकड मात्र यंत्राला देऊ नये. तांदळात ग्लुटेन नाही, तिथे मळणी संपली कधी हे तुपाचा हातच सांगतो.

ज्यांना यंत्र खरोखर हवे, त्यांनी भांड्यापासून सुरुवात करावी. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून सात-आठ लिटरचे भांडे घेतले जाते आणि मग दोन अंड्यांचा पांढरा बलक त्याच्या तळाशी पसरून राहतो, व्हिस्क त्याला नीट शिवतही नाही. साडेचार ते पाच लिटरचे भांडे एक किलो मैद्यापर्यंत आणि अर्ध्या किलोच्या केकपर्यंत, दोन्ही टोकांना चालते. गव्हाच्या पिठाची घट्ट कणीक त्यात मैद्याइतकी घालू नये. खरेदी करताना एक परीक्षा दुकानातच होते: रिकाम्या भांड्यात रुपयाचे नाणे टाकून बीटर सर्वांत कमी गतीला चालवावा. बीटरने नाण्याला हलकेच ढकलत नेले तर उंची बरोबर. नाणे जागचे हलले नाही तर बीटर उंच आहे, आणि उंची जुळवायचा स्क्रू नसेल तर ते यंत्र घेऊ नये. बीटर आणि हुक उघड्या अॅल्युमिनियमचे असतील तर भांड्यांच्या साबणाने ते काळवंडतात आणि करडा डाग क्रीमला लागतो. स्टीलचे किंवा आवरण दिलेले घ्यावेत.

‘सगळे गिअर धातूचे’ या जाहिरातीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. काही चांगल्या यंत्रांत एक गिअर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. कणीक अडली की तो झिजतो किंवा तुटतो आणि मोटार वाचते. मोटारीच्या मानाने तो गिअर स्वस्त असतो. तो बदलून मिळतो का, हा खरा प्रश्न आहे.

महाड परिसरात हाच प्रश्न निर्णायक ठरतो. मुंबईतले दुरुस्ती केंद्र पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. भोरकडे जाणारा वरंधा घाट आणि महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात दरडींनी बंद पडतात. दहा किलोचे यंत्र कुरियरने पाठवून महिनाभर वाट पाहणे ऑर्डरी घेणाऱ्या घराला परवडत नाही. पण औद्योगिक वसाहत जवळ असल्याने मोटारीचे वाइंडिंग करणारे आणि गिअर-बेअरिंग जाणणारे हात इथे दूर शोधावे लागत नाहीत. म्हणून ज्या यंत्राचे कार्बन ब्रश बाहेरच्या टोपणातून बदलता येतात, ज्याचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते आणि ज्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड कमीत कमी आहे, ते इथे उजवे. बोर्डवर चालणारी नवी मोटार आवाज कमी करते हे खरे, पण मेच्या वळिवात वीज कडाडून बोर्ड जळला तर त्याला महाडात इलाज नाही.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मिक्सर मागवण्याची पद्धतही रायगडच्या या भागात आहे, कारण अनेक घरांतले कुणी ना कुणी आखातात किंवा अमेरिकेत असते. आखातातली बहुतेक यंत्रे इथल्या व्होल्टेजवर चालतात, फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेतले १२० व्होल्टचे असते. ते इथे सरळ लावले तर क्षणात जळते, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला तर यंत्राइतकाच अवजड आणखी एक ठोकळा ओट्यावर येतो. अशा यंत्रावर भारतात हमी मिळेल असे धरून चालू नये.

शेवटी वजन. हलके यंत्र घट्ट कणीक मळताना ग्रॅनाइटच्या ओट्यावर सरकत जाते आणि लक्ष नसेल तर खाली पडते. कणकेसाठी घ्यायचे यंत्र आठ ते अकरा किलोचे असावे, आणि हा आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत का होईना, छापलेला असतो. धातूचा सांगाडा, जाड गिअर, तांब्याची भरपूर तार, या सगळ्यांची एकत्रित साक्ष वजनच देते. दोन यंत्रांत निवड करायची आणि दुसरे काहीच कळत नसेल, तर दोन्ही उचलून पाहावीत आणि जड ते घ्यावे. पण ते एकट्या बाईला जिन्याने वर नेता येईल इतकेच जड असावे. जुलै २००५ आणि जुलै २०२१ च्या पुरांत महाड बाजारपेठेतल्या तळमजल्यांवर ओट्यांच्या कितीतरी वर पाणी चढले आणि चिखल शिरलेल्या मोटारी भंगारात गेल्या. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आहे आणि धोक्याची पातळी साडेसहा मीटर. नदी सहाला लागली की मिक्सर वरच्या मजल्यावर न्यावा.